ती बाहुली परत का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. हा प्रश्न मला नवा नाही. 'द लॉस्ट डॉटर' हा सिनेमा मी ओळखीच्या माणसांना एकत्र बसवून आजवर चार वेळा दाखवला. चारही वेळा तो संपला की आधी थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मग कुणीतरी विचारतं, "पण त्या बाईनं ती बाहुली घेतली तरी कशाला?" विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो. त्यानंतरची अर्धी चर्चा 'किती संथ आहे हो' यावर जाते आणि उरलेली 'आई अशी असते का' यावर.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. लीडा ही अठ्ठेचाळीस वर्षांची प्राध्यापिका. ग्रीसच्या एका बेटावर ती सुट्टीसाठी एकटीच येते. किनाऱ्यावर तिला नीना नावाची तरुण आई आणि तिची लहान मुलगी एलेना दिसतात. एक दिवस एलेना हरवते. सगळे शोधत फिरतात आणि ती सापडते लीडालाच. त्याच दिवशी लीडा एलेनाची लाडकी बाहुली आपल्या पिशवीत घालून घरी नेते. पोर रडून रडून आजारी पडायची वेळ येते, बाहुलीसाठी चिठ्ठ्या लागतात, तरी लीडा ती देत नाही. मधेमधे तिचं तरुणपण दिसतं. बियांका आणि मार्था या दोन लहान मुली, अभ्यासाची ओढ, आणि मुली सात आणि पाच वर्षांच्या असताना तिचं घर सोडून जाणं. तीन वर्षं ती परतली नव्हती.

मॅगी जिलेनहाल यांचं हे पहिलंच दिग्दर्शन, २०२१ चं. मूळ कादंबरी एलेना फेरान्ते यांची, इटालियनमधली, २००६ ची. सिनेमा तुम्हीच दिग्दर्शित करणार असाल तरच हक्क देईन, अशी अट फेरान्ते यांनी घातली होती. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेला पुरस्कार मिळाला, ऑस्करची तीन नामांकनं मिळाली. समीक्षकांनी एवढं डोक्यावर घेतलेल्या सिनेमाला घरी बसून बघणाऱ्या कितीतरी जणांनी मात्र अर्ध्यावर सोडलं. माझ्याकडेही दोघं मधेच उठून गेले होते. त्यांना सिनेमा कळला नाही, असं मला वाटत नाही.

मला जे सांगायचंय ते या संथपणाबद्दलच आहे. बाहुली घ्यायला लीडाला क्षणभर लागतो. उरलेला जवळजवळ सगळा वेळ ती न देण्याचा आहे. सकाळी ती किनाऱ्यावर जाते, समोर पोर रडत असतं. खेळण्यांच्या दुकानात नीना भेटते तेव्हाही बाहुली लीडाच्या घरातच असते. नीना तिच्याशी आपुलकीनं बोलते, तिच्यापाशी मन मोकळं करते. प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं, आता देईल. ती देत नाही. हाच सिनेमा भराभर दाखवला असता तर बाहुलीची चोरी ही एक चूक ठरली असती, झाली आणि संपली. दिवस असे लांबतात म्हणून ती रोज नव्यानं केलेली निवड होते. दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा एक बाई पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं दे ना आता!" नंतरच्या गप्पांत सिनेमा कंटाळवाणा आहे हे सगळ्यांत ठामपणे त्यांनीच सांगितलं. मला ते अजून आठवतं, कारण कंटाळलेलं माणूस असं ओरडत नाही. त्यांना ते सहन होत नव्हतं, आणि सहन न होण्यासाठी आपल्याकडे तयार असलेला शब्द म्हणजे कंटाळा.

आता ती बाहुली का घेते, याबद्दल. लोक दोन उत्तरं घेऊन येतात. पहिलं, ती आजारी आहे, बाळंतपणानंतरचं नैराश्य असणार. हे उत्तर मायेपोटी येतं, पण मला ते पटत नाही. ते नैराश्य हा खरा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य, आणि त्यावर उपचार आहेत. त्या आजाराचं नाव कुठेही चिकटवलं की ज्यांना तो झालाय त्यांच्यावरही अन्याय होतो. लीडाच्या मुली तान्ह्या नाहीत, आणि सिनेमा तिला कुठला आजार देतही नाही. दुसरं उत्तर असं की ती मुळातच दुष्ट आहे. मग हरवलेलं पोर शोधून आईच्या हातात कोण देतं?

दोन्ही उत्तरांत आपल्याला कारण हवं असतं. कारण मिळालं की आईला माफ करता येतं किंवा शिक्षा तरी देता येते. हा सिनेमा ते कारण देत नाही, आणि लोकांचा खरा राग तिथे आहे असं मला वाटतं.

मला सुचलेलं उत्तर एका जुन्या निबंधामुळे सुचलं. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९४९ साली छापलेल्या एका निबंधात त्यांनी आईला आपल्या बाळाचा अगदी पहिल्यापासून द्वेष का वाटतो याची अठरा कारणं लिहून काढली. हे ते सर्वसाधारण आईबद्दल लिहीत होते, बिघडलेल्या आईबद्दल नव्हे. बाळ तिला दुखवतं, राबवून घेतं, दिवसभर छळतं आणि परक्या माणसाकडे बघून गोड हसतं. आईची थोरवी त्यांना यात दिसली की एवढं सगळं वाटूनही ती त्याची परतफेड बाळावर करत नाही. मला वाटतं, लीडाची ती परतफेड राहून गेली होती, आणि ती वीस वर्षांनी, दुसऱ्याच्या पोरावर झाली. बाहुलीला ती धुते, तिच्यासाठी कपडे आणते. पोटच्या पोरींना जे देताना जीव घुसमटला ते काही न मागणाऱ्या वस्तूला देते. आणि त्याच वेळी एक मूल रडतंय हे ऐकते आणि रडू देते. ही दोन्ही एकाच बाईची कामं आहेत. याहून सुबक उत्तर माझ्याकडे नाही.

एक प्रसंग मला अजून नीट बघवत नाही. छोट्या बियांकाला कापतं, ती बोट पुढे करून आईकडे पापा मागते, आणि तरुण लीडा पापा देत नाही. एवढंच. मारणं नाही, ओरडणं नाही. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना एका दुपारी मी न्हाणीघराचं दार आतून लावून जमिनीवर बसले होते. तो बाहेरून दार थापटत होता, "आई, काय करतेस?" विचारत होता. मी काहीच करत नव्हते. मला उत्तर देता आलं असतं आणि मी दिलं नाही. किती वेळ ते ठाऊक नाही, पण तो थापटायचा थांबला ते मला ऐकू आलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सिनेमा पहिल्यांदा पाहिला त्या रात्री नवऱ्याला सांगितलं.

तरीही ज्यांना फसवल्यासारखं वाटलं त्यांची तक्रार मी उडवून लावणार नाही. सुरुवातीपासून सिनेमा भीती पेरत जातो. वरून तजेलदार दिसणारी फळं खालून सडलेली निघतात, उशीवर मोठा किडा सापडतो, पाठीत झाडाचं बोंड येऊन आदळतं, नीनाच्या सासरची माणसं डोळे रोखून बघतात. एवढं पेरल्यावर काही भयंकर उगवणार असं प्रेक्षकाला वाटलं तर चूक त्याची नाही. उगवतं ते थोडंच. बाहुलीच्या तोंडातून काळं पाणी आणि अळी निघते ते तर मला नकोच होतं. जे लीडाचं काम करणाऱ्या ऑलिव्हिया कोलमन यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं ते तिथे बोट ठेवून दाखवल्यासारखं झालं. पुरुष पात्रांबद्दल मला फारसं बोलायचं नाही, ती येतात आणि जातात.

माझ्याकडच्या प्रतिक्रियांत मला एक गोष्ट अनपेक्षित होती. लहान मुलं असलेल्या आया लीडाला सगळ्यांत कठोर न्याय लावतील असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या गप्प राहिल्या, एकदोघी रडल्या. कठोर बोलल्या त्या मुलं मोठी झालेल्या बायका. "आम्हीही केलंच ना सगळं," हे वाक्य मी तीन जणींकडून ऐकलं. यावरून नियम काढायला माझ्याकडे पुरेशी माणसं नाहीत, पण त्या 'आम्हीही'मधला आवाज मला ओळखीचा होता.

चौथ्या वेळी एक तरुणी आली होती. चर्चेत ती एकदाच बोलली. लहानपणी तिची आई दोन वर्षं घरात नव्हती. कुठे होती हे तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बाहुलीवरून वाद रंगला होता तेव्हा ती म्हणाली, मला बाहुलीचं काही वाटत नाही, शेवटचा भाग पुन्हा लावता का? शेवटी लीडा बाहुली परत देते तेव्हा चिडलेली नीना तिला जखमी करते. मग जखमी लीडा किनाऱ्यावर असते, मोठ्या झालेल्या मुलींचा आवाज फोनवर येतो, आणि बोलता बोलता ती संत्रं सोलत असते, साल अखंड राहील अशा बेतानं, लहानपणी त्यांच्यासाठी सोलायची तसं. ते संत्रं तिच्या हातात कुठून आलं, ती जिवंत आहे की नाही, यावरही लोक भांडतात.

मी तो भाग पुन्हा लावला. ती पडद्याकडे बघत नव्हती, मान खाली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मुलींचा आवाज जरा वाढवाल?"