डोक्यावर डबा

आज भाच्याचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा डबा) डोक्यावर चढवून घरी पहिल्यांदा थ्रीडी व्हिडिओ बघितला. आधी सगळं दुहेरी, धुरकट. नावं ठेवायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, भिंगांमधलं अंतर जुळव की!" मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. माझं ६८ निघालं. (टोपी कधीच का बसली नाही ते कळलं.)

चाक फिरवलं आणि समोर जंगलच उभं राहिलं. खरं तर फाइलमध्ये तेच दृश्य शेजारीशेजारी दोनदा असतं, किंचित वेगळ्या कोनांतून. डावं डाव्या डोळ्याला, उजवं उजव्याला. त्यात खोलपणा भरायचं काम मेंदूचं. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये आरसे लावून हेच दाखवलं होतं!

एक फांदी नाकासमोर आली, मी मान मागे घेतली आणि कपाटावर आपटलो. बायको अजून हसतेय.

वीस मिनिटांत डोळे जड झाले. फांदी जवळ दिसली की बुबुळं आत वळतात, पण नजरेचा फोकस एकाच ठरावीक अंतरावर अडकलेला. ही ओढाताण डोळ्यांना झेपत नाही.

मग आईने लावून पाहिला. बराच वेळ गप्प. नंतर हवेत हात फिरवत म्हणाली, "अरे, हे पान हाताला का लागत नाही?"