रिकाम्या हौद्याची गाडी

मी तासगावहून सांगलीला नोकरीसाठी पिकअपने येतो, याचे कचेरीतल्या सहकाऱ्यांना अजूनही हसू येते. घरी द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे आणि दोन गाड्या पोसण्याची ऐपत नाही. म्हणून २०१७ साली सिंगल केबिनची पिकअप घेतली आणि तीच रोजची गाडी झाली. वर्षातले जेमतेम चाळीस दिवस ती भरलेली असते. उरलेले सगळे दिवस जवळपास २५ किलोमीटर जाताना आणि तेवढेच येताना हौद्यात स्टेपनी आणि गुंडाळलेली ताडपत्री यांखेरीज काही नसते. गाडीच्या बाबतीत माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका हा साधा हिशेब विसरल्यामुळे झाल्या.

पहिल्याच हंगामात तात्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी एकच सल्ला दिला, की मागे दोन पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवून घे. आमच्या भागात नवी पिकअप आली की तिला पाटे वाढवणे हे जवळजवळ पूजेइतकेच ठरलेले असते. मीही वाढवले. बेदाणा भरल्यावर गाडी मागे बसेनाशी झाली, त्याचे समाधान वाटले. पण रिकामी असताना प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाऊ लागला. पाटे वाढल्याने आरसी बुकातली वजनाची मर्यादा वाढत नाही, हेही अनेकजण सोयीस्करपणे विसरतात. जादा वजन सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि पाटे किती आहेत हे वजनकाटा विचारत नाही.

खरी गोची ब्रेकमध्ये होती आणि ती समजायला मला दीड वर्ष लागले. माझ्या गाडीला मागच्या ॲक्सलजवळ (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाजवळ) एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे वजन ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारी झडप आहे. वजन भरले की हौदा खाली येतो, ॲक्सल आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यातले अंतर कमी होते, ते अंतर एका दांडीमार्फत व्हॉल्व्हला कळते आणि तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, कारण हलकी मागची चाके लगेच जाम होतात. मी पाटे वाढवल्यामुळे भरलेली गाडीही खाली बसत नव्हती, त्यामुळे व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजत होता. परिणामी सगळा भार पुढच्या ब्रेकवर आला आणि पुढचे पॅड लवकर संपू लागले. ही तक्रार घेऊन गेल्यावर एका मिस्त्रीने ती दांडी तारेने वर बांधून टाकली. “आता दाबा ब्रेक, सर,” तो म्हणाला, आणि भरलेली गाडी खरोखरच जागच्या जागी थांबली.

पुढे जूनमधल्या पहिल्या पावसात, कवलापूरच्या अलीकडे, रिकाम्या गाडीपुढे एक म्हैस आली. मागची चाके क्षणात जाम झाली, शेपूट फिरले आणि गाडी रस्त्याला आडवी होऊन थांबली. म्हैस शांतपणे निघून गेली. त्याच आठवड्यात मी तार सोडवली, दोन्ही पाटे काढले, दांडी पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे लावून घेतली आणि काही दिवसांनी पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. पाट्यांचे काम झाल्यावर ते थोडे सैल पडतातच.

हवेचेही तसेच. भरलेल्या गाडीची हवा मागच्या टायरमध्ये वर्षभर ठेवली, तर टायर मधोमध झिजतो आणि गाडी उड्या मारते. पुस्तिकेत दोन्ही आकडे दिलेले असतात. मी हंगाम संपला की मागची हवा उतरवतो.

हौद्याचा शत्रू मात्र वजन नसून मोरचूद आहे. बोर्डो मिश्रणासाठी (द्राक्षावरच्या बुरशीच्या फवारणीसाठी) आणलेल्या मोरचुदाची एखादी पिशवी फुटली आणि त्यावर पाणी पडले, की त्यातले तांबे पत्र्यावर बसते आणि पत्र्याचे लोखंड विरघळू लागते; शिवाय रंग उडालेल्या जागी युरियाचा ओलावा गंज चढवतोच. म्हणून फवारणीच्या दिवसांत दर रविवारी रबरी मॅट उचलून हौदा धुतो आणि कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करतो. ग्रीसचे काम ओढ्यातून गाडी घातली की लगेच, एरवी ऑइल बदलताना.

सजावटीबद्दल थोडेच. पुढचा लोखंडी गार्ड कधीच उतरवला. २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले होते. शिवाय पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असते, तेव्हा दिखाऊ वस्तू अंगलटच येतात. हौद्याच्या कडेखाली बाहेरून लावून घेतलेले दहा हुक मात्र पैसे वसूल करणारे आहेत, कारण क्रेट बांधताना दोरी फाळक्यावरून घ्यावी लागत नाही.

काढलेले पाटे वर्षभर शेडमध्ये पडून होते. कोयत्याला पाट्यासारखे पोलाद नाही, असे म्हणत गावातल्या लोहाराने ते मागून नेले, आणि त्यातल्या एकाचे दोन कोयते आमच्या घरी परत आले आहेत.