बाँडला नेमकं आठवतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘बाँडपट एवढ्या आवडीने बघता, मग त्यांच्या कथेला नावं का ठेवता?’ हे मला नेहमी ऐकावं लागतं. लोकांना वाटतं, माझा राग पाण्याखाली जाणाऱ्या गाड्यांवर असेल, किंवा बाँड हाती लागल्यावर त्याला गोळी घालण्याऐवजी भाषण ठोकत बसणाऱ्या खलनायकांवर. ते सगळं मला मनापासून आवडतं. खटकतं ते एवढंच, की काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं हे या मालिकेला कधी ठरवताच आलेलं नाही.

१९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड लग्न करतो आणि त्याच दिवशी त्याची बायको ट्रेसी मारली जाते. १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’च्या सुरुवातीला तो तिच्या मृत्यूला कारणीभूत असलेल्या ब्लोफेल्ड या खलनायकाच्या मागे हात धुऊन लागलेला दिसतो, पण ट्रेसीचं नावही निघत नाही. पुढे सगळा थट्टेचा मामला. (ब्लोफेल्डची तऱ्हा त्याहून भारी. १९६७च्या चित्रपटात बाँडला समोरासमोर भेटलेला हा माणूस दोनच वर्षांनी त्याला ओळखत नाही! नट बदलले होते हे मान्य, पण तरीही.)

डॅनियल क्रेग आला आणि बाँडला आठवायला लागलं. २००६च्या ‘कसिनो रोयाल’मधल्या व्हेस्पर या प्रेयसीच्या मृत्यूचं दुःख पुढच्या चित्रपटातही त्याच्या सोबत होतं. लेखकांच्या संपात सापडलेली त्या चित्रपटाची पटकथा अर्धीकच्ची होती, पण ते दुःख खरं वाटलं.

मग २०१५चा ‘स्पेक्टर’. ब्लोफेल्ड वापरण्याच्या हक्कांचा जुना वाद २०१३मध्ये मिटला होता. पात्र हाती आलं, मग त्याला मोठं करायलाच हवं. म्हणून तो बाँडला लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा निघाला, आणि ल शिफ्रपासून सिल्व्हापर्यंत क्रेगच्या आधीच्या चित्रपटांतल्या सगळ्या खलनायकांच्या मागे तोच होता म्हणे. इथे मात्र माझं डोकं फिरतं. ‘स्कायफॉल’मधल्या सिल्व्हाचा संताप त्याच्या स्वतःचा होता. गुप्तहेर खात्याची प्रमुख असलेल्या एमने आपल्याला शत्रूच्या हवाली केलं, हा घाव तो उराशी घेऊन आला होता. नव्या खुलाशाने तो दुसऱ्याच कुणाचा तरी चाकर ठरला. म्हणजे ‘स्पेक्टर’ने स्वतःबरोबर आधीचा चांगला चित्रपटही बिघडवला.

२०२१मध्ये बाँडलाच मारलं, आणि श्रेयनामावलीच्या शेवटी ‘जेम्स बाँड परत येईल’ असं नेहमीचं आश्वासनही दिलं. येऊ दे. फक्त या वेळी त्याचा कुणी हरवलेला भाऊ नको.