ओटीपी देण्याआधी पाणी तापवून बघा

थंडीच्या आधी घर नीट करून ठेवायचं, हे यंदा मी पहिल्यांदाच मनावर घेतलं होतं. खिडक्या-दारांच्या फटी, आईच्या खोलीतली ओल आणि गीझर, एवढीच कामं. पहिली दोन एका शनिवार-रविवारात उरकली. गीझरने बावीस दिवस घेतले आणि तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

फटी शोधायला उदबत्ती पेटवली आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरवली. धूर सरळ वर गेला की ठीक, एकदम आडवा झाला की तिथे फट. पडद्याला जपा. फोमची पट्टी लावताना चौकट पुसून पूर्ण वाळू द्या, ओलसर राहिली तर पट्टी दोन दिवसांत सुटते. सगळ्यात जास्त वारा दाराखालून येत होता, तिथे रबराची पट्टी लावल्यावर फरक त्याच रात्री जाणवला.

आता गीझर. बटण दाबलं की दहा मिनिटांत अख्ख्या घराची वीज जायची. मुख्य बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत होता. एकाने सल्ला दिला की गीझर त्यातून बाहेर काढून थेट जोडून घ्या. असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. हा स्विच पडतो म्हणजे वीज कुठेतरी गळतेय. घरातला आरसीसीबी साधारणपणे 30 मिलीअँपिअर गळतीला पडेल असा असतो, कारण त्याहून जास्त करंट माणसाच्या अंगातून गेला तर जीव जाऊ शकतो. ज्या पाण्याखाली आपण ओल्या अंगाने उभे राहतो, तिथे ही गंमत करायची नाही.

तक्रारीच्या फॉर्ममध्ये सिरीयल नंबर हवा होता. तो असतो गीझरच्या अंगावरच्या स्टिकरवर, आणि आमच्याकडे ते स्टिकर भिंतीच्या बाजूला. स्टुलावर चढून मोबाइल त्या चार बोटांच्या फटीत सरकवला, फ्लॅश लावून व्हिडिओ काढला आणि एकेक अक्षर थांबवून वाचलं. फॉर्म म्हणे नंबर चुकीचा. पुन्हा भरला, पुन्हा तेच. दोन दिवस गेल्यावर लक्षात आलं की मी ज्याला शून्य समजत होते तो इंग्रजी ओ होता.

पाचव्या दिवशी तंत्रज्ञ आले. खालचं झाकण उघडून कॉईल बाहेर काढली. तिच्यावर क्षारांचा पांढरा, खडबडीत थर, चुन्याच्या भिंतीसारखा. थर जाड झाला की कॉईलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती आतल्या आत तापत राहते आणि शेवटी तिच्या नळीला तडा जातो. आमचंही तेच झालं होतं. "पार्ट मागवतो, दोन दिवसांत येतो," म्हणाले. निघताना मोबाइलवर ओटीपी आला होता तो मागितला. "फक्त आल्याची नोंद आहे, मॅडम." मी दिला.

संध्याकाळी मेसेज आला: तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

पुढचे नऊ दिवस मी रोज फोन केला. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. "मॅडम, आमच्याकडे काम पूर्ण झाल्याचं दाखवतंय." अहो, गीझरचं झाकण उघडं आहे, वायरी खाली लोंबतायत! "मग नवीन तक्रार नोंदवा." नवीन तक्रार नोंदवली तर नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि दोन दिवसांनी ती 'आधीच निकाली निघालेली' म्हणून आपोआप बंद. तंत्रज्ञांचा फोन लागत नव्हता. एकाने तर सांगितलं की क्षारांमुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही. मी हमीपत्र शब्दन् शब्द वाचलं. टाकीची हमी वेगळी, कॉईलची वेगळी, आणि कॉईलची अजून शिल्लक होती. क्षारांचं नावही त्यात नव्हतं. हमीपत्र टाकून देऊ नका आणि फोनवरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

तोवर रोज पहाटे उठून दोन पातेली पाणी तापवायचं आणि बादली सांभाळत न्हाणीघरात न्यायची. आईचे गुडघे थंडीत धरतात. एका सकाळी मला उठायला उशीर झाला तर ती गार पाण्यानेच अंघोळ करून बसली होती. "अगं, राहू दे, भागतं माझं." त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले आणि आधी मेल लिहिला.

काम झालं ते त्या मेलनेच. कंपनीच्या साइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता होता. दोन्ही तक्रारींचे नंबर, निकाली काढल्याच्या मेसेजचा फोटो, उघड्या गीझरचा तारखेसह फोटो आणि हमीपत्राचं ते पान, एवढं जोडलं. मजकूर सहा ओळींचा. दुसऱ्या दिवशी फोन आला, माफी मागितली. पार्ट यायला आणखी आठवडा गेला. नऊ दिवस फोन करण्याऐवजी दुसऱ्याच दिवशी हे करायला हवं होतं.

मध्येच आठवलं म्हणून, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. फटी बुजवण्याच्या उत्साहात न्हाणीघराची जाळी बुजवू नका. गॅसचा गीझर असेल तर मुळीच नाही. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्याला कळत नाही.

ओलीचं सांगायचं राहिलं. आईचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होतं, मागे काळी बुरशी. मला वाटलं पाणी मुरतंय. तसं नव्हतं. बंद खोलीत आम्ही ओले कपडे वाळत घालत होतो, ती वाफ गार भिंतीवर जाऊन पाणी होत होती आणि कपाटामागे वारा लागत नव्हता. कपाट चार बोटं पुढे घेतलं, कपडे बाहेर गेले. आता सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडते. तेवढ्याने हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत. बुरशी कोरडी खरवडू नका, घरभर उडते. नाक-तोंड झाकून ओल्या फडक्याने पुसा.

बाविसाव्या दिवशी कॉईल बसली. या वेळी मी ॲनोड रॉड दाखवायला सांगितला. मॅग्नेशियमची ही कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते, म्हणून टाकी गंजत नाही. आमची बोटाएवढी जाड असायला हवी होती, उरली होती नुसती आतली तार. तीही बदलून घेतली. काम झाल्यावर ओटीपी मागितला तेव्हा मी म्हटलं, आधी पाणी तापू दे. ते वीस मिनिटं थांबले, कुरकुर न करता. आईने नळाखाली हात धरला, पटकन मागे घेतला आणि म्हणाली, "दे गं आता त्यांना."

सिरीयल नंबर आणि कॉईल बदलल्याची तारीख मी गीझरच्या दर्शनी बाजूला मार्करने लिहून ठेवली आहे. ओच्या खाली रेघ मारली आहे.