कोणाकडे आलात?

अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर एक आजी बेलाची पानं आणि फुलं मांडून बसल्या होत्या. बुधवारची दुपार, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून मी एकटीच. मी पानं घेतली, चपला त्यांच्यापाशी काढल्या. सुटे पैसे देता देता त्यांनी विचारलं, "कोणाकडे आलात?"

"कोणाकडे नाही. देऊळ बघायला आले."

"मग सोमवारी यायचं ना."

"सोमवारी गर्दी असते."

हे काही त्यांना पटलं नाही. गर्दी नको म्हणून देवाचा वार टाळणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली असावी. माझ्याकडे जरा निरखून पाहत त्या म्हणाल्या, "घरचे कुठायत?"

"घरी."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी आत गेले. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं, आणि तिथे उभं राहून मान वर केली की थेट आभाळ. शिखर वरपर्यंत गेलेलंच नाही. बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीवकाम आहे की एका फेरीत काहीच दिसत नाही, दुसऱ्या फेरीत थोडं दिसतं, तिसऱ्या फेरीला पुजारी आपल्याकडे बघायला लागतात. शेजारून वालधुनी वाहते. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

तर, कोणाकडे आलात. माझी सुट्टी बुधवारी असते आणि बुधवारी मला घरात थांबवत नाही. डबा भरायचा, घाटकोपरला लोकल पकडायची आणि कुठेतरी उतरायचं. टिटवाळा, वांगणी, आसनगाव, एकदा पार खोपोली. खोपोली शहाण्या माणसाने करू नये. कर्जतच्या पुढे एकेरी मार्ग, गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावरच्या कुत्र्यांशी ओळख होते. मी पुन्हा जाणार आहे, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे लोकलने गावाला जायची कारणं ठरलेली आहेत. नातेवाईक, लग्न, बारावं, गणपती, तहसील कचेरी, नाहीतर फ्लॅट. यातलं एकही कारण नसताना बदलापूरला उतरलेला माणूस बदलापूरकरांना समजत नाही, आणि मला वाटतं त्यांचं काही चुकत नाही. बाई असेल तर आणखी एक प्रश्न येतो, "माहेर इथलं का?" मी दोनतीन ठिकाणी "हो" म्हणून पाहिलंय. लगेच पाणी मिळतं, सावलीतली जागा मिळते आणि "कोणाच्या तुम्ही?" हा पुढचा प्रश्न मिळतो. तिथे मात्र अडायला होतं.

नालासोपाऱ्याला स्तूप बघायला गेले तेव्हा तिथल्या माणसाने "कोणाकडे" विचारलं नाही. त्याने विचारलं, "कोणत्या कॉलेजातून?" माझ्या केसांकडे बघूनही विचारलं, हा त्याचा मोठेपणा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ही टेकडी खणली. गावातले लोक तिला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटी निघाली आणि पेटीत एकात एक ठेवलेले करंडक. सोपाऱ्यात अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही सापडलाय. त्या काळी हे मोठं बंदर, चार देशांचे लोक इथे उतरायचे. राजाला काही सांगायचं असेल तर तो गर्दीच्या ठिकाणीच सांगणार. आजही सांगायचं म्हटलं तर सकाळी साडेसातला फलाटावर उभं राहून सांगावं, ऐकायला माणसं हवी तेवढी आहेत. थांबणार मात्र कोणी नाही.

फ्लॅट या कारणाचा मी एकदा फायदा घेतला. शेलूला उतरले तर बाहेर छत्री लावून बसलेला एक मुलगा धावत आला. "मॅडम, साइट व्हिजिट? गाडी आहे, फ्री." उन्हाचा कडाका होता. मी म्हटलं, चला. त्याने गाव मस्त दाखवलं. शाळा कुठे होणार, मॉल कुठे होणार, स्टेशन चालत किती मिनिटं (त्याच्या पायांनी), बाल्कनीतून माथेरानचा डोंगर कसा दिसतो. डोंगर खरोखरच सुंदर दिसत होता, त्यात त्याचं काही कर्तृत्व नसलं तरी. सॅम्पल फ्लॅटमध्ये थंडगार सरबत दिलं. उल्हास नदी पावसाळ्यात कुठपर्यंत येते, एवढं सोडून त्याने सगळं सांगितलं. ते मी मुद्दाम विचारलं. "इकडे काही प्रॉब्लेम नाही मॅडम," तो म्हणाला. याच मार्गावर, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. तेव्हा तो बहुधा शाळेत असेल. मी कार्ड घेतलं. अजून पर्समध्ये आहे.

ही सवय मला लागली ती बापूकाकामुळे. वडिलांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, छापखान्यात खिळे जुळवायचा. त्याची सुट्टी गुरुवारी. मे महिन्यात आम्ही पोरं घरात धुमाकूळ घालत असू, मग आईचा जीव वाचवायला तो आमच्यातल्या एकाला घेऊन बाहेर पडायचा. बहुतेक वेळा मला, कारण मी कमी बोलायचे आणि मला गाडी लागायची नाही. दादरला इंडिकेटरखाली उभं राहून तो विचारायचा, "एन की एस?" एन म्हणजे कसारा, एस म्हणजे कर्जत. कल्याणच्या पुढे लाइनीला दोन फाटे फुटतात, एक ईशान्येला जातो, एक आग्नेयेला, म्हणून ही अक्षरं, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं होतं की शाळेत दिशांच्या प्रश्नाला मी कधी अडले नाही. मी नेहमी एन म्हणायचे.

पुठ्ठ्याची छोटी तिकिटं असायची तेव्हा. माझं अर्धं. ते मला ठेवून घ्यायचं असे आणि परतताना दारातला टीसी ते काढून घेई, यावरून मी एकदा रडलेही आहे.

कसाऱ्याला पोचलो की बापूकाका स्टेशनाबाहेर पडायचा नाही. कधीच नाही. फलाटावरचा एक ठराविक बाक, त्यावर रुमाल पसरायचा, डब्यातली पोळी-भाजी खायची, चहा घ्यायचा, मला बशीत. मग वाट बघत बसायचं. लोकलचं जग तिथे संपतं, पण मेल गाड्यांचं तिथे सुरू होतं. गाडी येऊन थांबायची, आणि मग मागून इंजिनं हळूहळू येऊन तिला चिकटायची. बँकर. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला ही. जोडताना एक धक्का बसे, डब्यातले पाण्याचे तांबे हलत. मग पुढच्या इंजिनाने शिट्टी द्यायची, मागच्यांनी उत्तर द्यायचं, आणि एवढी लांब गाडी जणू नको नको म्हणत निघायची. बापूकाका उठून उभा राहायचा. गाडीला उठून मान देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"रूळ इथपर्यंत आले १८६१ ला," तो सांगायचा. "वर इगतपुरीला पोचायला आणखी चार वर्षं. बघ, समोर दिसतोय तेवढा डोंगर. चार वर्षं." किती माणसं खपली असतील, असं म्हणून तो तंबाखू मळायला घ्यायचा.

तीनेक गाड्या अशा चढवून दिल्या की आम्ही परत. घरी आई विचारायची, "काय रे, कसाऱ्याला आहे कोण आपलं?"

"इंजिनं," बापूकाका म्हणायचा.

मी मात्र स्टेशनाबाहेर पडते. त्यातही माझे काही हट्ट आहेत. देऊळ पूर्वेला असेल तर आधी पश्चिमेला उतरायचं. फोनमधला नकाशा उघडायचा नाही. शेअर रिक्षा परत येतानाच, जाताना चालत. आणि कोणत्याही गावात आधी चक्की शोधायची. जिथे चक्की तिथे जुनी वस्ती, हा माझा शोध आहे, त्याला काहीही आधार नाही. कल्याणला तो खरा ठरला, वसईला साफ आपटला. वसईत चिमाजी अप्पांच्या किल्ल्यापर्यंत चालत जायच्या नादात चक्की दिसली नाही, दिसल्या त्या केळीच्या बागा आणि एक चर्च, आणि चर्चच्या आवारात नऊवारीतल्या एक बाई, ज्यांनी मला, अर्थातच, विचारलं.

दुपारची गावं बघताना एक गोष्ट लक्षात यायला मला फार वेळ लागला. अकरा ते चार या वेळात तिथे म्हातारी माणसं दिसतात, गणवेशातली पोरं दिसतात, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आत झोपलेले दुकानदार दिसतात. बाकी कोणी नाही. मी जे गाव बघायला आलेली असते ते सकाळीच निघून मस्जिदला, भायखळ्याला, सीएसएमटीला गेलेलं असतं. मी आले तेव्हा ते मला वाटेत भेटलंच होतं, समोरच्या रुळावर, दाराला लटकलेलं. यावर काहीतरी मोठं लिहायचं डोक्यात होतं. तेवढ्यात टिटवाळ्याला एका चक्कीचा आवाज आला आणि राहून गेलं.

उलट्या दिशेच्या गाडीचं सुख वेगळंच. चौघींच्या बाकावर एकटी, वाऱ्याची खिडकी, पाय समोरच्या बाकावर (पेपर पसरून, इतकी काही मी गेलेली नाही). कानातली विकणारी मुलगी येते, डबा रिकामा बघते आणि माझ्याशेजारी बसून आपला माल लावत बसते. तिला मी कोणाकडे चालले याच्याशी काही देणंघेणं नाही. कळवा गेलं की मी उठून दारात जायचे. एका बाजूला मुंब्र्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि तोंडावर असा वारा की डोळे मिटावे लागत. दर बुधवारी तेवढ्यासाठीसुद्धा मी गेले असते.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या. एक कसाऱ्याकडे निघालेली, एक कर्जतहून सीएसएमटीकडे येणारी. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. एकमेकांना घासून ती खाली पडली. काही परत उठलीच नाहीत. तो सोमवार होता, मी कामावर होते, बातमी फोनवर वाचली. एन आणि एस, एवढंच मला त्या क्षणी सुचलं, आणि सुचल्याची लाज वाटली.

आता रिकाम्या गाडीतही मी दारात जात नाही. वारा खिडकीतूनही येतो. कमी येतो.