आत्याची तावदानं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि हर्णैला आत्याच्या घराची कौलं, पोफळी नि माजघराच्या दारावरची रंगीत तावदानं गेली. कौलं सगळ्यांचीच गेली होती, त्याचं तिला काही नव्हतं. तावदानांतल्या लाल काचेचा एक तुकडा मात्र तिने कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवलेला. "काचेचंच काम करतोस ना रे? मग एवढं कर."

काचेचं काम म्हणजे काय, तर रत्नागिरीला बाबांच्या फ्रेमच्या दुकानात हिरकणीने काच कापायला शिकलो. शाळेच्या सहलीत थिबा पॅलेसच्या खिडक्यांमधल्या रंगीत काचा बघून खुळावलो. मग मुंबईत एका कारागिराच्या हाताखाली दोन वर्षं काढली. पण जुनं काही पुन्हा उभं करायची ही पहिलीच वेळ.

तो तुकडा आडवा धरला आणि मी चाट पडलो. काच लाल नव्हतीच! साध्या काचेवर लाल रंगाचा केसाएवढा थर होता. हा लाल इतका कडक असतो की पूर्ण जाडीची काच केली तर ती काळी दिसेल, म्हणून ही युक्ती.

मी शहाणा. म्हटलं, आपणच करू. खिडकीच्या काचेवर लाल काच ठेवून विजेच्या भट्टीत ८०० अंशांवर वितळवली, रात्रभर निवू दिली. सकाळी निघालेला नग दृष्ट लागण्यासारखा होता. लागलीच. चहा घेताना 'टिंग' आवाज आला नि आरपार चीर. दोन्ही काचा निवताना सारख्या आक्रसत नाहीत, हे मुंबईत ऐकलं होतं, कळलं त्या दिवशी.

मग नमुने मागवले. पहिल्याला आत्या म्हणाली, "हे गाजर." दुसऱ्याला, "हे सरबत." तिसरा सापडला एका व्यापाऱ्याच्या जुन्या मालात, तसाच पातळ थराचा.

पुढचं सरावाचं: तुकडे कापले, कडा घासल्या, तांब्याची पट्टी लावली, कथलाने जोडले. फक्त एका रात्री लाईट गेली म्हणून फ्लक्स, म्हणजे कथील नीट चिकटावं म्हणून लावतात ते रसायन, न धुता झोपलो. पावसाळी दमट हवा! सकाळपर्यंत सांध्यांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. अर्धा दिवस सोड्याच्या पाण्याने घासत बसलो.

मापं मात्र भर पावसात घेतली होती, लाकूड फुगलेलं असताना. दसऱ्यानंतर बसवायला गेलो तर तावदान चौकटीत खुळखुळायला लागलं. सुतारकाका गालात हसले. शेवटी जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरून फट बुजवली.

चारच्या उन्हात माजघराच्या जमिनीवर लाल पट्टा पडला. आत्याने त्यात पाऊल ठेवून पाहिलं. "थोडा गडद आहे हो," म्हणाली, आणि करंडा बंद केला. जुना तुकडा अजून त्यातच आहे.