डायपर लावलेले आजोबा

रात्रपाळीत कॅज्युअल्टीला एका आजोबांना घेऊन त्यांचा मुलगा आला. "मॅडम, बाबांचा लघवीवर ताबाच राहिला नाही. दोन दिवस सारखी गळतेय, शेवटी डायपर लावला. वयच झालंय आता." आजोबा मान खाली घालून बसले होते.

मी त्यांनाच विचारलं, "आजोबा, धार लागून मोकळी लघवी शेवटची कधी झाली?"

"सर्दीची गोळी घेतली त्या रात्रीपासून नाहीच."

त्यांना आडवं करून पोटावर हात ठेवला. ओटीपोटापासून बेंबीपर्यंत गोल, घट्ट फुगवटा. बोटाने ठोकलं तर ठस्स आवाज. लघवी पार तुंबली होती आणि टाकी भरून वाहावी तशी वरची वर सांडत होती.

मूत्राशयात साधारण 150 ते 200 मिली लघवी साठली की पहिली जाणीव होते, 400-500 पर्यंत चांगलीच घाई. तोवर पिशवीच्या भिंतीतला स्नायू सैल राहून ताणत जातो आणि तोंडाशी असलेले स्नायू आवळून धरतात. लघवी करताना नेमकं उलट व्हावं लागतं: तोंड सैल, भिंत आकुंचित, दोन्ही एकदम. आजोबांची प्रोस्टेट (पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी) वाढल्याने वाट आधीच चिंचोळी होती. सर्दीच्या गोळीतला नाक मोकळं करणारा घटक तोंडाचा स्नायू आणखी आवळतो, अ‍ॅलर्जीवरचा घटक भिंतीचा जोर घटवतो. गोळी साधी, पण अशा माणसाला ती भारी पडते.

कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला. तिला जोडलेली लघवीची पिशवी, युरोबॅग, भरत गेली, 1300 मिलीवर थांबली. आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या माझ्यासमोर उलगडल्या. "आता बरं वाटतंय गं," म्हणाले.

वय झालं म्हणून डायपर लावून मोकळं होणं मला फार खुपतं. तुंबलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत जातो. आजोबांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं निघालंच.

मुलाने विचारलं, "मग आता घरी नेऊ?" नाही म्हटलं. अडथळा दूर झाल्यावर मूत्रपिंडं कधीकधी एकदम भरमसाट लघवी करतात, शरीरातलं पाणी आणि क्षार घटतात. म्हणून आजोबांना भरती केलं, सर्दीची गोळी बंद केली आणि दर तासाला लघवी मोजून लिहायला सिस्टरांना सांगितलं.